पोटगी आणि वाटा

१९२८ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कायदेमंडळाने हिंदूंच्या वारसाहक्काबाबत एक छोटा कायदा मंजूर केला. तोपर्यंत मिताक्षरा पद्धतीने चालणाऱ्या हिंदू कुटुंबात, म्हणजे महाराष्ट्रासह देशाच्या बहुतेक भागात, जन्मतः आंधळ्या, बहिऱ्या किंवा मुक्या मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा मागता येत नव्हता. ही गावकीची नुसती रूढी नव्हती. न्यायालयेच तो कायदा म्हणून लागू करत. भावांनी जमीन वाटून घ्यावी आणि आंधळ्या भावाने त्यांच्याकडे दोन वेळ जेवावे, यालाच न्याय समजले जाई. नव्या कायद्याने ही अपात्रता काढली. मात्र त्या काळी ज्यांना जन्मजात वेडे किंवा मूढ म्हणत, त्यांना बाहेरच ठेवले. त्यांच्यासाठी दार उघडायला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा यावा लागला.

या नियमाचे मूळ जुने आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाटणीतून वगळायच्या माणसांची यादी येते. जन्मांध, बहिरा, वेडा, मूढ, मुका आणि इंद्रियाने हीन असे सगळे त्या यादीत आहेत. लगेच पुढच्या श्लोकात मनू सांगतो, की या सर्वांना यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावे आणि जो देणार नाही तो पतित समजावा. त्यांनी लग्न केले तर त्यांच्या मुलांना वाटा मिळेल, अशीही सोय तो करतो. याज्ञवल्क्यस्मृतीत हाच विचार आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास विज्ञानेश्वराने मिताक्षरेत आणि सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने व्यवहारमयूखात तो चालू ठेवला. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हे दोन्ही ग्रंथ प्रमाण मानले. अशा रीतीने एका स्मृतीतले दोन श्लोक विसाव्या शतकातल्या दिवाणी दाव्यापर्यंत येऊन पोहोचले.

हिंदू, बौद्ध आणि इस्लामी परंपरांनी अपंग माणसाकडे कसे पाहिले याचा इतिहास वाचताना या दोन श्लोकांमधला भेद मला पुन्हा पुन्हा दिसतो. पोटगी द्यायला या तिन्ही परंपरांनी हात आखडता घेतला नाही. अन्न, वस्त्र, औषध, दान, सवलत यांची आज्ञा तिघांच्याही ग्रंथांत आहे. वाटा देण्याची वेळ आली की मात्र त्या अडखळतात. मग तो संपत्तीतला असो, विधीतला असो, संघातला असो की सत्तेतला. म्हणून कोणता धर्म अधिक दयाळू, या वादातून फारसे हाती लागत नाही. दया सगळीकडे होती. कोणी कोणता वाटा दिला, कोणता नाकारला आणि नाकारताना कोणते कारण पुढे केले, हे तपासले तर इतिहास बोलू लागतो.

हिंदू धर्मशास्त्रातल्या दयेची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्याला कमी किंवा जास्त अवयव आहेत त्याचा उपहास करू नये, असे मनू बजावतो. काण्याला काणा किंवा लंगड्याला लंगडा म्हणणाऱ्याला, म्हटलेले खरे असले तरी, तो दंड सांगतो. आंधळा, मूढ आणि फळकुटावर सरकत चालणारा पंगू यांच्याकडून राजाने कर घेऊ नये, असेही तो सांगतो. कौटिल्याची नजर याहून बारीक आहे. अर्थशास्त्रातल्या वाक्पारुष्याच्या प्रकरणात व्यंगावरून खरे बोलून हिणवणाऱ्याला तीन पण, खोटे बोलून हिणवणाऱ्याला सहा पण आणि डोळ्याने अधू असलेल्याला ‘काय सुंदर डोळे’ अशा अर्थाची उपरोधिक स्तुती ऐकवणाऱ्याला बारा पण दंड आहे. स्तुतीच्या आडून केलेला अपमान अधिक खोल जखम करतो, हे त्या शास्त्रकाराला नेमके कळले होते.

हाच समाज सिंहासनाजवळ आणि यज्ञवेदीजवळ पोहोचला की वेगळा वागतो. धृतराष्ट्र ज्येष्ठ असून राज्य पांडूला मिळाले, कारण धृतराष्ट्र आंधळा होता. उद्योगपर्वात दुर्योधनाची समजूत काढताना तो स्वतःच हा न्याय उच्चारतो. आपला पूर्वज देवापी गुणवान आणि लोकप्रिय होता; पण त्याला त्वचेचा रोग होता. अभिषेकाची तयारी झालेली असताना ब्राह्मणांनी आणि वृद्धांनी ती थांबवली, कारण हीनांग राजा देवांना मान्य नसतो. देवापी वनात गेला. मलाही राज्य मिळाले नाही ते याच कारणाने, असे आंधळा बाप मुलाला सांगतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच तोंडून तो अन्याय नियम म्हणून वदवून घेणे, ही कुठल्याही व्यवस्थेची सर्वात मोठी ताकद असते. महाभारतकाराने ती इथे उघडी करून ठेवली आहे.

यज्ञाचा प्रश्न जैमिनीच्या मीमांसासूत्रांत सहाव्या अध्यायात येतो. ज्याचे व्यंग बरे होऊ शकते त्याला यज्ञाचा अधिकार आहे; ज्याचे व्यंग कायमचे आहे त्याला नाही, असा निर्णय तिथे दिला आहे. त्यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. यजमानाला तुपात पाहावे लागते, आंधळा पाहू शकत नाही. यजमानाला विष्णूची पावले चालावी लागतात, पंगू चालू शकत नाही. यात द्वेष नाही, तिरस्कारही नाही. विधी अचल मानला आणि माणूस त्यात बसतो का, एवढेच पाहिले. विधीच माणसासाठी थोडा बदलावा, हा विचार त्या चर्चेत कोणाला सुचला नाही. अपंगांना बाहेर ठेवणाऱ्या बहुतेक व्यवस्था आजही याच तर्काने चालतात. परीक्षेचा नमुना ठरलेला आहे, इमारतीला पायऱ्याच आहेत, अर्जावर सही हवीच. त्यात बसत नाही तो दोष मग माणसाचा ठरतो.

कथांमध्येही हा आग्रह दिसतो. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्र वाकड्या देहानिशी जनकाच्या सभेत बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवतो. त्याची विद्वत्ता तिथेच सिद्ध झालेली असते. तरी कथा तिथे थांबत नाही. वडील त्याला समंगा नदीत स्नान करायला सांगतात आणि त्याचे अवयव सरळ होतात. भागवतात मथुरेची कुब्जा कृष्णाला चंदन देते आणि कृष्ण तिला सरळ उभी करतो. गौरव झाला की देहाची दुरुस्तीही व्हायलाच हवी, जणू वाकड्या देहात गौरव मावत नाही.

मराठी भक्तिपरंपरेने या आग्रहाला एक उत्तर दिले आहे. महिपतींनी भक्तविजयात पैठणच्या कूर्मदासाची कथा सांगितली आहे. त्याला हातपाय नव्हते. तो पंढरीच्या वाटेवर सरपटत निघाला. सोलापूर जिल्ह्यातल्या लऊळपर्यंत पोहोचला आणि त्याची शक्ती संपली. तेव्हा विठ्ठलच वाट चालून त्याच्याकडे आला. या कथेत बदल भक्ताच्या शरीरात होत नाही; देव आपली जागा सोडतो. सगळ्या संतकथा अशा नाहीत, संत गोरा कुंभारांचे तुटलेले हात परत येतातच. पण नामस्मरणाला तुपात पाहावे लागत नाही की पावले मोजावी लागत नाहीत, म्हणून वारकरी मार्गात कूर्मदासाला पूर्ण अधिकार मिळाला. याच भूमीत १८८१ साली जन्मलेले विदर्भातले गुलाबराव महाराज वर्षाचे होण्याआधीच दृष्टी गमावून बसले. दुसऱ्यांकडून वाचून घेऊन आणि सांगून लिहवून त्यांनी मोठी ग्रंथरचना केली आणि १९१५ साली, अवघ्या चौतीस वर्षांचे असताना ते गेले. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून मानले. ज्ञानाचा वाटा मिळाला तर माणूस काय करतो, याचा हा पुरावा आहे.

बौद्ध परंपरेत हाच प्रश्न संघाच्या दारात उभा राहतो. विनयपिटकातल्या महावग्गात नोंद आहे, की मगधात पाच रोग पसरले होते. जीवक वैद्य फक्त राजघराण्याची आणि संघाची चिकित्सा करत असल्यामुळे रोगी माणसे उपचारासाठी चीवर घेऊ लागली. अशाच एकाने बरा झाल्यावर चीवर सोडले, तेव्हा जीवकाच्या विनंतीवरून कुष्ठ, अपस्मार अशा पाच रोगांच्या माणसांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. पुढे त्याच ग्रंथात हात किंवा पाय तुटलेला, कुबडा, बुटका, आंधळा, मुका, बहिरा, लंगडा अशी एक लांब यादीच येते. भिक्षेवर जगणाऱ्या संघाला लोकांच्या मताची काळजी होती. प्रत्येकाने स्वतः भिक्षाटन करावे, ही अपेक्षाही होती. कारणे समजण्यासारखी आहेत. परिणाम मात्र असा झाला, की दुःखमुक्तीचा मार्ग सांगणाऱ्या संघाचे दार सर्वात दुःखी मानल्या गेलेल्या माणसांना बंद झाले.

या नियमाला विनयाने स्वतःच एक मर्यादा घातली. यादीतल्या माणसाला कोणी संघात घेतलेच, तर चूक घेणाऱ्याची. घेतलेला भिक्खू बाहेर काढला जात नाही. महावग्गातच अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाबरोबर त्याला स्वतः न्हाऊ घातले आणि भिक्खूंना बजावले, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आत आलेल्याला ही शुश्रूषा मिळाली. बाहेर राहिलेल्याला आत येण्याचा हक्क मिळाला नाही.

मुक्तीचा मार्ग मात्र बुद्धांनी बंद केला नाही. सुप्पबुद्ध नावाचा कुष्ठरोगी अन्न वाटले जात असेल या आशेने गर्दीजवळ आला. त्या सभेत धम्म समजण्याची पात्रता याच माणसात आहे हे ओळखून बुद्धांनी उपदेश केला, असे उदानात सांगितले आहे. लकुंटक भद्दिय बुटका होता. इतर भिक्खू त्याला तुच्छ लेखत. बुद्धांनी त्याचा गौरव केला आणि गोड आवाजाच्या भिक्खूंमध्ये त्याला अग्रस्थान दिले. कोसंबीच्या सामावती राणीची दासी खुज्जुत्तरा कुबडी होती. ती बुद्धांचा उपदेश ऐकून यायची आणि राणीला व अंतःपुरातल्या स्त्रियांना सांगायची. अट्ठकथा सांगते, की त्यासाठी तिला उंच आसनावर बसवले जाई. बहुश्रुत उपासिकांमध्ये ती पहिली मानली गेली आणि इतिवुत्तक हा ग्रंथ तिच्या स्मरणातून टिकला, असे परंपरा मानते. दासी, स्त्री आणि कुबडी असलेली ही बाई राणीला उंच आसनावरून धम्म शिकवते. प्राचीन वाङ्मयात वाटा मिळाल्याचे याहून ठळक चित्र मला माहीत नाही. आठव्या शतकात चीनमधला विनयाचार्य जिआनझेन, ज्याला जपानी लोक गान्जिन म्हणतात, समुद्रप्रवासाच्या अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर जपानला पोहोचला. परंपरेनुसार तोवर त्याची दृष्टी गेली होती. तरी ७५४ साली नारा इथे भिक्खूंना विधिवत उपसंपदा देण्याची परंपरा त्यानेच सुरू केली. संघाच्या दाराचे नियम एका अंध आचार्याने एका देशाला शिकवले.

इस्लामच्या प्रारंभीच या विषयावरचा एक प्रखर प्रसंग आहे. प्रेषित मुहंमद कुरैशांच्या बड्या लोकांशी बोलत असताना अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम हा अंध माणूस मध्येच काही विचारू लागला. प्रेषितांनी कपाळाला आठ्या घातल्या. कुराणाच्या ऐंशीव्या सूऱ्याची सुरुवात या आठ्यांबद्दल प्रेषितांनाच दिलेल्या समजेने होते. धर्मसंस्थापकाला एका अंध माणसाच्या बाजूने सुनावणारे वचन त्याच्याच धर्मग्रंथात कायमचे राहावे, ही लहान गोष्ट नाही. पुढे हाच इब्न उम्म मक्तूम बिलालबरोबर अजान देऊ लागला, आणि प्रेषित मोहिमेवर गेले की काही वेळा मदिनेचा कारभार त्याच्याकडे सोपवला जाई.

विधीच्या बाबतीत इस्लामने मीमांसकांच्या उलट मार्ग धरला. उभे राहून नमाज पढता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर पडून पढावा, असे हदीस सांगते. विधी माणसाच्या शरीरापुढे नमतो. वारसाहक्कात अंध, बहिरा किंवा वेडा असणे हे हिस्सा नाकारायचे कारण ठरत नाही. ज्याला व्यवहार कळत नाही त्याचा हिस्सा पालकाच्या हाती राहतो, पण तो त्याचाच असतो. मुक्या माणसाच्या नेहमीच्या खुणा बोलण्याइतक्याच ग्राह्य आहेत, हे तत्त्व हनफी विचारात मुरले आणि १८६९ ते १८७६ दरम्यान तयार झालेल्या उस्मानी दिवाणी संहितेत, मजल्लेत, कलम म्हणून आले. उस्मानी दरबारात मूकबधिर सेवक असत आणि त्यांच्या खुणांची भाषा सुलतानही शिकत. चौदाव्या शतकात सफदी या विद्वानाने केवळ अंध विद्वान, कवी आणि मान्यवरांचा चरित्रकोश लिहिला. एक ग्रंथ भरावा इतकी ती माणसे होती. विसाव्या शतकात लहानपणी दृष्टी गमावलेले ताहा हुसेन अल-अझहरमध्ये शिकले आणि १९५० साली इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले.

सत्तेच्या उंबरठ्यावर मात्र इस्लामी शास्त्रकारही थांबले. अकराव्या शतकातल्या मावर्दीने खलिफाच्या पात्रतेत डोळे, कान, जीभ आणि अवयव धड असण्याची अट घातली. अंध माणसाने काजी होऊ नये, असेच बहुतेक शास्त्रकारांचे मत राहिले. या अटीची काळी बाजू राजघराण्यांनी दाखवली. राज्य करायला डोळे लागतात असे ठरले, की प्रतिस्पर्ध्याला मारण्याऐवजी त्याचे डोळे काढणे पुरते. ही प्रथा बायझंटाइन साम्राज्यातही होती. बगदादमध्ये ९३४ साली खलिफा काहिर आंधळा केला गेला. हुमायूनने भाऊ कामरानचे, जहांगीरने मुलगा खुसरोचे डोळे फोडवले. अपंगाला सत्तेबाहेर ठेवणाऱ्या नियमाने अशा रीतीने धडधाकट माणसांना अपंग करायचे हत्यार तयार केले. १७८८ साली गुलाम कादिरने बादशहा शाह आलमचे डोळे काढले. त्याच वर्षी महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली घेतली आणि आंधळ्या शाह आलमला पुन्हा तख्तावर बसवले. खरी सत्ता आधी शिंद्यांच्या आणि शेवटी इंग्रजांच्या हाती होती, हे खरे. तरी १८०६ पर्यंत दिल्लीच्या तख्तावर एक अंध माणूस बसला आणि त्याच्या नावाने नाणी पडत राहिली. शास्त्रातली अट राजकारणाच्या गरजेपुढे अठरा वर्षे गप्प राहिली. मग ती अट खरोखर कर्तबगारीसाठी होती का, हा प्रश्न उरतोच.

आता नकाराच्या कारणांकडे येऊ. वाटा नाकारायचा तर नकार न्याय्य वाटावा असे काही तरी सांगावे लागते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ते स्पष्ट आहे. मूढ, मुके, आंधळे, बहिरे जन्मतात ते पूर्वकर्माच्या शेषामुळे. बौद्ध परंपरेतही चूळकम्मविभंग सुत्तात आजार आणि कुरूपता यांची कारणे मागच्या कर्मात शोधली आहेत, आणि सद्धर्मपुंडरीक सूत्र धर्मनिंदकांना आंधळेपणाचा, बहिरेपणाचा धाक घालते. सुप्पबुद्ध आणि खुज्जुत्तरा यांचा गौरव करणाऱ्या परंपरेलाही त्यांच्या व्यंगामागे गतजन्मीचा अपराध जोडल्यावाचून राहवले नाही. इस्लामी विचारात व्यंग ही शिक्षा कमी आणि परीक्षा जास्त आहे. धीर धरणाऱ्याला स्वर्गाचे आश्वासन आहे. पाप म्हणण्यापेक्षा परीक्षा म्हणणे हे नक्कीच माणुसकीचे आहे. तरी दोन्ही उत्तरे अपंग माणसाला एकच काम सांगतात: सोसत राहा.

या कारणमीमांसेला उत्तरही परंपरेच्या आतच सापडते. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणूस जे जे भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, हे खरे का? बुद्ध नाही म्हणतात. पित्त, कफ, वात, त्यांचे एकत्र होणे, ऋतुबदल, निष्काळजी वर्तन, बाहेरून झालेला आघात अशी कारणे मोजून ते कर्माला शेवटचे, आठवे स्थान देतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विचारवंताने ही मोकळी जागा ठेवली होती. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुद्दा शेवटापर्यंत नेला. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त अमानुष आहे, आणि दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी याखेरीज त्याचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांनी मांडले. मला हे विवेचन या संपूर्ण इतिहासाची किल्ली वाटते. कारण माणसाच्या गतजन्मात ठेवले, की या जन्मातल्या समाजाला काही करावे लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की काळच तसा होता, जुन्या ग्रंथांना आजचे माप लावू नये. हा आक्षेप टिकत नाही, कारण विरोधी आवाज त्याच काळात, त्याच ग्रंथांत उमटला आहे. टिंगल करणाऱ्याला दंड सांगणारा मनू, सीवकाला नाही म्हणणारे बुद्ध, आठ्या घातल्याबद्दल प्रेषितांना मिळालेली समज हे सगळे त्याच काळातले आहे. माणसांना दोन्ही वाटा दिसत होत्या. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कर्माच्या किंवा परीक्षेच्या कल्पनेने अनेक अपंगांना आणि त्यांच्या आईबापांना बळ दिले आहे, ते काढून घेऊ नये. हे मी मान्य करतो. स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. पण अपंग मुलाच्या आईला शेजारणीने मागच्या जन्माचे पाप ऐकवणे हा सांत्वनाचा भाग नाही. तो हल्ला आहे. स्वतःवर घेतलेला अर्थ आधार देतो, दुसऱ्यावर लादलेला अर्थ त्याला एकटा पाडतो.

२०११ च्या जनगणनेने भारतात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद केली. त्यांतले साडेएकोणतीस लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि व्यवस्थेने माणसाच्या गरजेनुसार वाजवी बदल करावा, हे तत्त्व कायद्यात आणले. जो विचार मीमांसकांना सुचला नाही आणि जो नमाजाच्या सवलतीत व कूर्मदासाच्या कथेत होता, तो आता देशाचा कायदा आहे. धर्मसंस्थांनी त्याच्या मागे राहावे, ही लाजिरवाणी गोष्ट ठरेल. देवस्थानांच्या दारात चाकाच्या खुर्च्या आल्या, ही पोटगी झाली. विश्वस्त मंडळात किती अपंग आहेत? अंध विद्यार्थ्याला पौरोहित्य, कीर्तन, मदरशातले अध्यापन, विहारातली धम्मदेसना यांचा मार्ग खुला आहे का? बहिऱ्या माणसाला प्रवचन किंवा जुम्म्याचा खुतबा खुणांच्या भाषेत समजतो का? वाटा मोजायचा तो इथे.

घरातही हीच कसोटी लावावी. १९५६ पासून कायदा स्पष्ट आहे, तरी अपंग भावाकडून किंवा बहिणीकडून ‘आम्ही आहोतच ना सांभाळायला’ असे म्हणत हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. हे म्हणणारे बहुधा मनापासून सांभाळतातही. मनूनेही सांभाळायलाच सांगितले होते. प्रेम खरे असेल तर वाटा द्यायला अडचण कसली? आपल्या घरी असे कोणी असेल, तर आज सातबारा काढा आणि त्यावर त्यांचे नाव आहे का ते पाहा. नसेल तर लावून घ्या.